इंग्रजीतील निपातयुक्त क्रियापदे आणि मराठी अध्येता : एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रात इंग्रजी भाषेचे अध्ययन सुरू होऊन आता दोनशे वर्षे होत आली. या काळात आपल्या विद्यार्थ्यांनी मिल्टन आणि बर्क वाचले, न्यायालये व विधिमंडळे इंग्रजी वक्तृत्वाने गाजविली, इंग्रजीत ग्रंथरचनाही केली. तथापि एक अडचण आरंभापासून आजतागायत तशीच राहिली आहे. 'गेट', 'पुट', 'टेक', 'गिव्ह' ही अगदी पहिल्या पुस्तकात येणारी क्रियापदे. 'अप', 'ऑफ', 'आउट', 'डाउन' हे त्याहूनही लहान शब्द. दोन्ही सुटे असताना बालकासही कळतात. पण ती एकत्र आली, की व्युत्पन्न वाचकही अडखळतो. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. यांपैकी एकही अर्थ घटक शब्दांच्या बेरजेने हाती लागत नाही. अशा जोडशब्दांना इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांस 'निपातयुक्त क्रियापदे' असे संबोधिले आहे, कारण क्रियापदास जोडलेला अव्ययरूप निपात हेच त्यांचे लक्षण होय.

ही क्रियापदे पाठ केल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांत काही नियम नाही, असा समज आपल्या शाळांतून रूढ आहे. हा समज कसा निर्माण झाला, आणि तो दूर करण्याची साधने आपल्याच व्याकरणपरंपरेत असता ती उपयोगात का आली नाहीत, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. इंग्रजीतील पूर्वपीठिका

प्राचीन इंग्रजीत अशा अर्थच्छटा बहुधा क्रियापदाच्या आरंभी लागणाऱ्या उपसर्गांनी व्यक्त होत असत. आजच्या 'फरगिव्ह', 'विथस्टँड' यांसारख्या शब्दांत त्या पद्धतीचे अवशेष आढळतात. पुढे हे उपसर्ग क्षीण होत गेले आणि क्रियापदानंतर येणाऱ्या स्वतंत्र निपातांचा प्रसार झाला. बाराव्या शतकात पूर्ण झालेल्या पीटरबरो येथील बखरीत 'गिव्ह अप' याचा पूर्वज स्पष्टपणे दिसतो. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांच्या भाषेचा या परिवर्तनास हातभार लागला, असे भाषाभ्यासक मानतात. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच व लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला, आणि एकाच क्रियेसाठी दोन शब्द नांदू लागले : ग्रंथात 'टॉलरेट', तोंडी 'पुट अप विथ', ग्रंथात 'पोस्टपोन', तोंडी 'पुट ऑफ'. निपातयुक्त क्रियापद हे घरचे व बाजारातले नाणे, तर लॅटिनोद्भव शब्द हे दरबारी नाणे, अशी ही वाटणी झाली. पुढील विवेचनात तिचे महत्त्व ध्यानात येईल.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशाच्या प्रस्तावनेत या रचनेची आवर्जून दखल घेतली. क्रियापदास निपात जोडून अर्थ बदलण्याची ही तऱ्हा इंग्रजीत इतर भाषांहून कदाचित अधिक असून परकीयांस तीच सर्वांत कठीण जाते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र या रचनेस 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या ग्रंथात ते वापरले आणि त्याचे श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे महाराष्ट्रातील पहिल्या शंभर वर्षांच्या इंग्रजी अध्यापनात या वर्गास रूढ नावच नव्हते. ज्या गोष्टीस नाव नाही ती व्याकरणाच्या पुस्तकात प्रकरणरूपाने येत नाही, आणि जी प्रकरणरूपाने येत नाही ती शिकविली जात नाही.

२. कोश आणि भाषांतरपद्धती

मराठी आणि इंग्रजी यांचा शास्त्रशुद्ध संबंध जोडण्याचे आरंभीचे प्रयत्न इंग्रजांना मराठी यावी म्हणून झाले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. या कोशात मराठी वाक्प्रचारांची जी लयलूट आहे ती आजही अभ्यासकास थक्क करते. एका साध्या शब्दाखाली त्याचे बोलीतील नाना उपयोग नोंदविलेले आहेत. मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यास जिवंत बोलण्याचे असे भांडार मिळाले.

उलट दिशेचा प्रवास मात्र निराळा झाला. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि मेजर थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापुढे नीळकंठ बाबाजी रानडे यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बृहत्कोशापर्यंत कोशकारांनी अपार श्रम केले. परंतु कोशाचा विद्यार्थी करीत असलेला उपयोग हा कोशकाराच्या हातचा नसतो. वर्णानुक्रमाने लावलेल्या कोशात वाचक एकेक शब्द शोधतो. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर, एवढे त्यास सापडले, की शोध संपला असे त्यास वाटते. दोन शब्द मिळून तिसराच एक शब्द झालेला आहे, ही शंकाच त्याच्या मनात येत नाही.

शाळांतून रुजलेली भाषांतरपद्धतीही याच वृत्तीस पोषक होती. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण' पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. दोन भाषा समोरासमोर ठेवून एकीच्या द्वारे दुसरी जाणावी, ही त्या काळाची धारणा त्यात प्रतिबिंबित झाली आहे. पुढे पिढ्यान्पिढ्या घरोघर वापरल्या गेलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने हीच पद्धती पायरीपायरीने, मोठ्या शिस्तीने मांडली. या पाठमालेचे ऋण मोठे आहे. खेड्यातील कित्येक मुलांनी शिक्षकाच्या अभावी तिच्याच आधारे इंग्रजी वाक्य जुळविले. तथापि शब्दास शब्द आणि वाक्यास वाक्य या हिशेबात निपातयुक्त क्रियापद सहजी बसत नाही.

३. संस्कृतची जवळीक आणि लॅटिनची सोय

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली व १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर झाले. यांपैकी भांडारकर संस्कृतचे जगन्मान्य पंडित ठरले. त्यांच्या पाठोपाठच्या पिढ्यांतही इंग्रजीत अग्रेसर असणारा विद्यार्थी पुष्कळदा संस्कृतातही अग्रेसर असे. रोह्याशी निकटचा संबंध असलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकाविली. पुढे त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवादही केला. अशा विद्यार्थ्यांस उपसर्गांची ओळख नव्हती, असे कोण म्हणेल?

संस्कृतात 'हृ' या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार असे परस्परांशी वरकरणी संबंध नसलेले शब्द सिद्ध होतात. उपसर्ग धात्वर्थास बळेच दुसरीकडे नेतो, हे वचन संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेले असे. यास्काने निरुक्तात या संबंधीचा प्राचीन वाद नोंदविला आहे. शाकटायनाच्या मते सुट्या उपसर्गांस स्वतःचा अर्थ नसतो, ते धातूच्या ठायी असलेला अर्थ केवळ प्रकट करतात. गार्ग्याच्या मते त्यांस नाना अर्थ असतात. 'ईट अप' मधील 'अप' यास 'वर' हा अर्थ आहे, की तो केवळ खाण्याची पूर्णता दाखवितो, हा आधुनिक भाषाशास्त्रातील प्रश्न याच वादाचे दुसरे रूप होय.

पाणिनीची सूत्रे तर याहूनही उद्बोधक आहेत. उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात, असा सामान्य नियम सांगून तो लगेच नमूद करतो, की वेदभाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये अन्य शब्दांचे व्यवधान असतानाही येतात. इंग्रजी निपाताची स्थिती नेमकी हीच आहे. तो क्रियापदानंतर येतो, आणि 'पुट इट ऑफ' यासारख्या रचनेत मध्ये कर्मही शिरते. जी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यास इंग्रजीची लहर वाटली, तिचा तोडीस तोड नमुना अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात होता.

मग हा सेतू बांधला का गेला नाही? याचे एक कारण असे संभवते, की संस्कृतज्ञ विद्यार्थ्यास इंग्रजीतील दुसरी वाट अधिक सोयीची वाटली. लॅटिनोद्भव क्रियापद आणि संस्कृतोद्भव मराठी शब्द यांची सांगड सहज बसते : 'टॉलरेट' म्हणजे सहन करणे, 'एक्स्टिंग्विश' म्हणजे शमन करणे, 'इन्व्हेस्टिगेट' म्हणजे अन्वेषण करणे. एका शब्दास एक शब्द मिळतो. शिवाय परीक्षेत नेमलेले ग्रंथ, न्यायालयातील भाषा, सरकारी पत्रव्यवहार या सर्व ठिकाणी दरबारी नाणेच चालत होते. घरगुती नाणे जेथे चाले, त्या इंग्रजांच्या घरात, पटांगणात वा बाजारात आपल्या विद्यार्थ्यास प्रवेश नव्हता. परिणामी त्याचे इंग्रजी भारदस्त झाले, पण बोलके झाले नाही. मराठी माणसाच्या इंग्रजीवर पुस्तकीपणाचा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे मूळ बुद्धीच्या उणिवेत नसून या ऐतिहासिक परिस्थितीत आहे.

४. मराठीचा विसर

दुसरे कारण अधिक खोल आहे. निपातयुक्त क्रियापदांची खरी किल्ली संस्कृतापेक्षाही मराठीत आहे. आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमात मराठीसच स्थान नव्हते. विद्यापीठाच्या पहिल्या दशकातच देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाजूस सारल्या गेल्या. त्यांस पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली, आणि तिला यश आले ते त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते खरे; पण त्याची मांडणी बव्हंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. परक्या साच्यात जे मावत नाही ते नजरेस पडण्यास वेळ लागतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह झाला, तोवर इंग्रजी अध्यापनाची चाकोरी पक्की होऊन गेली होती.

मराठीतील ही रचना अशी. 'फेकून देणे' यात कोणी कोणास काही देत नाही. 'विसरून जाणे' यात कोणी कोठे जात नाही. 'बोलून बसणे' यात बसण्याची क्रिया नाही. दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूस ठेवून पहिल्यास पूर्णता, दिशा, आकस्मिकता वा पश्चात्ताप यांची छटा देते. इंग्रजी निपात हेच कार्य करतो. 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे, 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणे. कित्येक ठिकाणी तर प्रतिमाही तीच आढळते. 'काढणे' म्हणजे बाहेर आणणे, आणि 'आउट' म्हणजे बाहेर. म्हणून 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे, 'पिक आउट' म्हणजे निवडून काढणे, 'रूट आउट' म्हणजे उपटून काढणे. 'उठणे' म्हणजे वर येणे, आणि 'अप' म्हणजे वर; म्हणून 'फ्लेअर अप' म्हणजे पेटून उठणे.

याखेरीज मराठीत दिशावाचक अव्यय आणि क्रियापद यांचीही जोडी आहे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'टेक बॅक' म्हणजे मागे घेणे, 'फॉल बिहाइंड' म्हणजे मागे पडणे. भेद इतकाच, की मराठीत अव्यय आधी येते आणि इंग्रजीत नंतर. जोडीच्या मध्ये अन्य शब्द शिरण्याचा प्रकारही आपणांस परका नाही. 'फेकूनच दिले', 'शोधून तर काढ' अशी वाक्ये आपण नित्य बोलतो.

हे साम्य सर्वत्र आढळत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'पुट अप विथ' याचा अर्थ कोणत्याही युक्तीने उलगडत नाही. तो लक्षातच ठेवावा लागतो. इंग्रजीत 'पुट ऑफ' यासारख्या विलग होणाऱ्या जोडीत कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते. 'पुट ऑफ इट' असे म्हणता येत नाही. उच्चारात अशा निपातावर बहुधा आघात येतो. केवळ डोळ्यांनी वाचणाऱ्यास याची कल्पना येत नाही. परंतु जेथे साम्य नाही तेथे पाठांतर करावे आणि जेथे आहे तेथे समजून घ्यावे, हा विवेक करण्यासाठी तरी प्रथम साम्य दाखविले पाहिजे.

५. जिते आणि परिसर : एक उदाहरण

या विवेचनाचा आजच्या विद्यार्थ्याशी काय संबंध, हे पाहण्यासाठी पेण तालुक्यातील जिते या गावाचा विचार करू. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातील हे गाव पनवेल-रोहे लोहमार्गावर आहे. त्याच्या पुढचे स्थानक हमरापूर. हमरापूर, जोहे व आसपासची गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशा परिसरातील मुलास मराठी संयुक्त क्रियापदे पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. ती त्याच्या भोवतीच्या कामातच असतात. मूर्ती साच्यातून काढून घ्यावयाची, वाळवून ठेवावयाची, कागदाने घासून काढावयाची आणि रंग उडाला असेल तेथे पुन्हा हात फिरवावयाचा. इंग्रजीत याच क्रिया 'टेक आउट', 'ड्राय आउट', 'रब डाउन' आणि 'टच अप' अशा निपातयुक्त क्रियापदांनीच सांगितल्या जातात. हाताने काम करणारांची भाषा दोन्हीकडे एकाच वळणाची आहे. हा मुलगा या शब्दांच्या अगदी उंबरठ्यावर उभा असतो. पण त्याच्या हाती पडते ती शब्द आणि अर्थ यांची एक लांबलचक यादी.

परिसराच्या भाषेचा परिणाम दुसऱ्या बाजूनेही दिसतो. आपण आगगाडीतून उतरतो आणि मोटारीतूनही उतरतो. इंग्रजीत आगगाडीसाठी 'गेट ऑफ' आणि मोटारीसाठी 'गेट आउट' असा भेद आहे; कारण एकीच्या पृष्ठावर चढण्याची कल्पना आहे, तर दुसरीच्या पोटात शिरण्याची. मराठी बोलणारा 'उतरणे' यातील खाली येण्याची प्रतिमा घेऊन दोन्ही ठिकाणी 'गेट डाउन' म्हणतो. भारतात हा प्रयोग इतका रूढ आहे, की त्यास निव्वळ चूक म्हणणे कठीण आहे. त्याचप्रमाणे 'कोप विथ' यात 'अप' घालून 'कोप अप विथ' म्हणण्याची आपली सवय पाहावी. 'पुट अप विथ', 'कीप अप विथ' यांवरून केलेले ते अनुमान आहे. या रचनेत नियम आहे, हे विद्यार्थ्याच्या मनाने हेरलेले असते. नियम नाही असे म्हणतो तो वर्गच.

६. उपसंहार

विसाव्या शतकात अध्यापनपद्धती बदलल्या. ढाक्क्यास काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या अनुभवावरून मर्यादित शब्दसंख्येची वाचनमाला रचिली. जपानात शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा परभाषकांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डतर्फे जगभर पसरला. शब्दाचा अर्थ सांगतानाच त्याची वाक्यातील रचना दाखविण्याकडे त्याचा रोख होता. १९७० नंतरच्या दशकात केवळ निपातयुक्त क्रियापदांचे स्वतंत्र कोशही निघाले. हैदराबाद येथे १९५८ मध्ये इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपासून होई; महाराष्ट्रात २००० पासून ती पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. वर्षे वाढली, साधने वाढली. पण नव्या पद्धतींचा कल मातृभाषेस वर्गाबाहेर ठेवण्याकडे होता, आणि जुनी भाषांतरपद्धती मातृभाषेस केवळ शब्दार्थापुरती बोलावीत होती. मराठीच्या रचनेकडून इंग्रजीच्या रचनेकडे जाण्याची तिसरी वाट दोहोंतही मोकळी राहिली नाही.

यातील हानी केवळ गुणांची नाही. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते त्या मुलास ही क्रियापदे ऐकून येतात. जिते वा रोहे परिसरातील ज्या मुलाच्या घरी ती नाही त्यास व्याकरणाखेरीज आधार नसतो. त्यास 'येथे नियम नाही, पाठ कर' असे सांगणे म्हणजे जो आधार देता आला असता तोही काढून घेणे होय. शिवाय आपली भाषा विचारास उपयोगी नाही, हा न्यूनभाव त्याच्या ठायी रुजतो तो वेगळाच.

यास्तव पुढील कार्य हाती घेण्याजोगे आहे. प्रत्येक इंग्रजी निपातास अनुरूप अशी मराठी सहायक क्रियापदे व दिशावाचक अव्यये यांची पद्धतशीर तुलना व्हावी; साम्य कोठे संपते याची स्पष्ट नोंद व्हावी; आणि तिच्या आधारे शालेय पाठ रचिले जावेत. तुलनेची सामग्री मोल्सवर्थ यांच्या कोशात, दामले यांच्या व्याकरणात आणि प्रत्यक्ष लोकांच्या बोलण्यात विपुल आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यास मराठी यावी म्हणून ज्या मराठी वाक्प्रचारांची इतक्या साक्षेपाने गणना झाली, तेच वाक्प्रचार मराठी मुलास इंग्रजी यावी म्हणूनही कामी येऊ शकतात. हे काम भाषाविभागांनीच करावयाचे आहे.